दोन डॅक आणि एक रीळ

त्या आठवड्यात तन्मय गाडेकरच्या घरी एकही गाणं शेवटापर्यंत वाजलं नाही.

शोळिंगनल्लूरच्या सातव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सोफ्यासमोर दोन उंच स्पीकर होते आणि त्यांच्या मधल्या टेबलावर दोन डॅक. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डबा. एक तन्मयचा स्वतःचा, तळहाताएवढा, चार वर्षं वापरलेला. दुसरा राममूर्तींचा, जाड स्टीलचा, अकरा किलो वजनाचा. राममूर्ती बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. चेन्नईतल्या हौशी ऐकणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्याचे ते प्रमुख. त्यांना हा मोठा डॅक आता कुणाला तरी द्यायचा होता. तो खरंच एवढा चांगला आहे का, हे तन्मयने ऐकून सांगावं असं ग्रुपवर ठरलं होतं.

ग्रुपवर तन्मयच्या कानांना मान होता. ऑफिसात तसा मान त्याला कुठेच नव्हता. तिथे तो दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा, आणि त्याचा प्रोजेक्ट दिवाळीनंतर राहणार की जाणार हे तीन महिने कुणी सांगत नव्हतं. मिटिंगमध्ये बसला की त्याचा पाय हलत राहायचा. घरी आला की तोच पाय सोफ्यासमोर हलायचा.

दोन्ही डॅक एकाच वेळी जोडता यावेत म्हणून त्याने स्वतः एक छोटी स्विचची डबी बनवली होती. बटण दाबलं की लाल दिवा, म्हणजे त्याचा छोटा डॅक. पुन्हा दाबलं की हिरवा दिवा, म्हणजे राममूर्तींचा. डबीतून आवाज पुढे ॲम्प्लिफायरला जायचा. दोन्हींचा आवाज सारखा मोठा असायला हवा, नाहीतर जो जरा मोठा तोच माणसाला चांगला वाटतो. म्हणून त्याने मीटर लावून मोजलं. दोन्हीकडचं व्होल्टेज तिसऱ्या दशांशापर्यंत सारखं आलं. तो खूश झाला. काही जुळवावंच लागलं नाही.

मग तो बटण दाबत राहिला. वीस सेकंद लाल, वीस सेकंद हिरवा. गाणं मागे न्यायचं, पुन्हा तेवढंच.

"एक तरी पूर्ण ऐक ना," त्याची बायको यामिनी म्हणाली. ती इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनीअर होती. सकाळी सहाला कंपनीच्या बसमध्ये बसायची, संध्याकाळी परतायची. "मी आले तेव्हा ती वीणा सुरू होत होती. माझं जेवण झालं, ती अजून सुरूच होतेय."

"पूर्ण ऐकलं की पहिल्याचा आवाज लक्षात राहत नाही. कानाची आठवण फार छोटी असते."

"मग आनंद कधी घ्यायचा?"

"हे संपलं की."

यामिनीने ताट उचललं आणि आत गेली. तन्मयने बटण दाबलं.

ती वीणा कमलिनी मामींची होती. उपेंद्रराव आणि कमलिनी मामी नुंगंबाक्कमला एका आतल्या गल्लीत राहायचे. दोघंही तंजावरच्या जुन्या मराठी घरांतले. उपेंद्ररावही त्याच ग्रुपवर होते. पूर्वी ते पेरंबूरला रेल्वेचे डबे बांधण्याच्या कारखान्यात नोकरीला होते, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मामींना चाळीस वर्षं घरात वीणा वाजवताना त्यांनी आपल्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवलं होतं. बत्तीस रिळं. मामींच्या बोटांचे सांधे धरले आणि पाच वर्षांपूर्वी वाजवणं थांबलं. गेल्या वर्षी तन्मयने प्रत्येक रविवारी तिथे जाऊन ती सगळी रिळं कॉम्प्युटरवर घेऊन दिली होती. पहिल्या रविवारी उपेंद्ररावांनी त्याला विचारलं होतं, "तुमचें गांव कोणतें?" सांगली म्हटल्यावर ते म्हणाले होते, "आम्ही तिकडून निघालों त्याला तीनशें वर्षें झालीं. आतां कोणी ओळखीचें उरलें नसेल." त्यानंतर तो त्यांना मामा म्हणू लागला, आणि ते त्याला अरेतुरे करू लागले.

रविवारी तन्मयने ग्रुपवर लांबलचक लिहिलं. राममूर्तींचा डॅक लावला की वीणेची तार छेडायच्या आधी बोट तारेवर टेकल्याचं कळतं. दोन सुरांमधली शांतता काळी आणि खोल होते. माझा छोटा डॅक प्रामाणिक आहे, पण त्याच्यापुढे तो कागदी वाटतो. लिहिता लिहिता त्याचा पाय हलायचा थांबला होता. तासाभरात चाळीस जणांनी अंगठे दिले. दुसऱ्या दिवशी राममूर्ती गाडी घेऊन आले आणि आपला डॅक घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी उपेंद्ररावांचा फोन आला.

"तन्मय, तुझें पत्र मीं तीन वेळां वाचलें. बोट तारेवर टेकतें तें ऐकूं येतें म्हणतोस?"

"हो मामा."

"सेरी, बरें. मग मीं राममूर्तींशीं बोललों. ते म्हणतात, पैसे नकोत, तुमचा टेपरेकॉर्डर द्या. त्यांच्याकडे असाच एक आहे. मज आतां तो काय करायचा? सगळीं रिळें तूं फाइलींत घातलींसच. पुढल्या रविवारीं अदलाबदल."

तन्मय म्हणाला, "छान होईल, मामा." आणि त्याला खरंच छान वाटलं.

शनिवारी सकाळी यामिनीला सुट्टी होती. ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तन्मयने मामींची तोडी लावली, सवयीने स्विचच्या डबीचं बटण दाबलं आणि चहा घ्यायला वळला. वीणा वाजत होती. कप हातात घेऊन तो परत आला, आणि त्याला डबीवर हिरवा दिवा दिसला.

तो उभाच राहिला. हिरव्या बाजूची वायर टेबलाच्या मागे लोंबत होती. तिच्या टोकाला काहीही नव्हतं. राममूर्तींचा डॅक सोमवारीच गेला होता.

त्याने बटण दाबलं. लाल. वीणा. पुन्हा दाबलं. हिरवा. वीणा. त्याने कप खाली ठेवला, स्क्रू काढून डबी उघडली. आतला रिले, म्हणजे जोडणी एका डॅकवरून दुसऱ्यावर फिरवणारा खटका, एका बाजूला चिकटून बसला होता. बटण दाबल्यावर दिवा तेवढा बदलत होता. तो मुळापासूनच तसा असणार, कारण मीटरवरचे आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले होते. दोन वेगळी यंत्रं एवढी कधी जुळत नाहीत. तो एकच डॅक दोनदा मोजत होता. आठवडाभर तो स्वतःचाच छोटा डॅक ऐकत होता. ती काळी शांतता, ते तारेवर टेकणारं बोट, सगळं त्याचंच.

"काय झालं?" यामिनी ओल्या हातांनी आत आली.

त्याने सांगितलं. ती हसली नाही. त्याला वाटलं होतं ती हसेल.

"मग ग्रुपवर लिही ना. चूक झाली म्हण."

"लिहितो."

"आणि मामांना आधी फोन कर. उद्या ते टेपरेकॉर्डर देणार आहेत ना?"

"उद्या नाही. पुढच्या रविवारी," तो म्हणाला. पुढचा रविवार म्हणजे उद्याचाच हे त्याला माहीत होतं. फोन सोमवारी आला होता, तेव्हापासून पुढला.

तो खाली उतरला, गेटपर्यंत गेला, परत आला. दुपारी नवीन रिले आणायला रिची स्ट्रीटला जाऊन आला. मेट्रोच्या खोदकामाने सगळा रस्ता पत्र्यांनी झाकलेला होता, जाऊन यायला चार तास लागले. परत आल्यावर त्याने मोबाइलवर चार वाक्यं लिहिली आणि पुसली. पुन्हा लिहिली. 'तांत्रिक अडचणीमुळे निष्कर्ष तपासून पाहावे लागतील' असं एक वाक्य जमलं. ते वाचून त्याची त्यालाच लाज वाटली, तेही पुसलं. मग त्याला दुसराच विचार सुचला. मोठा डॅक खरंच चांगला असेल तर? न ऐकता का होईना, आपण बरोबरच सांगितलं असेल. तसं असेल तर कुणाचं काही बिघडलेलं नाही. हा विचार त्याने रात्री झोपेपर्यंत जपला.

रविवारी सकाळी दहाला तो नुंगंबाक्कमला पोचला. राममूर्ती आधीच आलेले होते. स्टीलचा डबा बैठकीच्या चौरंगावर विराजमान झाला होता आणि टेपरेकॉर्डर दारापाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेला. वाटभर तन्मयने वाक्य तयार केलं होतं. मामा, एक मिनिट आत येता का.

"ये, ये! तुझ्याशिवाय लावूं नये म्हणून थांबलों," उपेंद्रराव म्हणाले. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. राममूर्तींनी तमिळमध्ये काहीतरी म्हटलं. तन्मयचं तमिळ मोडकं होतं, पण 'हाच तो कानवाला' एवढं त्याला कळलं. दोघं हसले. तन्मयही हसला.

राममूर्तींनी टेपरेकॉर्डरचं एक टोक धरलं. दुसरं धरायला तन्मयच पुढे झाला. दोघांनी जिना उतरून तो गाडीत ठेवला. तन्मयने चादर नीट खोचली. राममूर्ती इंग्रजीत म्हणाले, "चांगलं काम केलंस," आणि गाडी गेली.

वर येऊन त्याने डॅक जोडला. उपेंद्रराव खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले. तोडी सुरू झाली.

"अहा," ते म्हणाले. "ऐक. बोट टेकलें. ऐकलेंस कां?"

"हो मामा."

"कमलिनी, इकडे ये गा! ऐक तरी!"

मामी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्या ठेंगण्या, सावळ्या, बहात्तर वर्षांच्या. डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळत राहण्याची त्यांना सवय होती. त्यांनी थोडं ऐकलं.

"मीच वाजवलेलें मीं काय ऐकूं," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिवशीं करंट कमी होता. टेप हळू फिरली, म्हणून सूर वर चढलाय. तो कोणत्या डब्यानें खालीं यायचा नाहीं." मग त्या टेपरेकॉर्डरच्या रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाल्या, "तें न्हेलें कां?"

"न्हेलें. आतांच गेलें," उपेंद्रराव म्हणाले.

मामी आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक रीळ होतं, पुठ्ठ्याच्या डबीत, वरून सुती कापडाची फडकी बांधलेली.

"हें राहिलेंय," त्या म्हणाल्या.

उपेंद्ररावांनी संगीत थांबवलं. "हें कोणतें? माझीं बत्तीस. सगळ्यांवर नंबर आहे."

"हें तुमचें नव्हे. माझें. तुम्ही खरगपूरला गेलां होतां तेव्हांचें. साड्यांत ठेवलें होतें."

"चाळीस वर्षें?"

"बेचाळीस." मामी तन्मयकडे वळल्या. "तूं रविवारीं यायचास तेव्हां दर वेळीं मनांत म्हणायची, आज देईन. नाहीं दिलें. काल रात्रीं ठरवलें, आज सकाळीं एकदां लावून ऐकूं, मग मशीन जाऊं दे. तर सकाळपासून ते बसलेले," त्यांनी दाराकडे हात केला. "परक्या माणसासमोर कसें सांगूं? आतां हें कशावर लावायचें?"

तन्मयला एकाएकी खोलीत उकडायला लागलं. पंखा पूर्ण वेगात फिरत होता.

"मामा," तो म्हणाला, "मशीन द्यायला नको होतं. माझं चुकलंय."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. उभं राहूनच. रिले, दिवे, लोंबणारी वायर. काल सकाळी कळलं हेही सांगितलं.

उपेंद्रराव स्टीलच्या डब्याकडे वळले.

"म्हणजे तूं हा ऐकलाच नव्हतास."

"नाही."

"काल सकाळीं कळलें."

"हो."

"आणि आतां, अर्ध्या तासापूर्वीं, तूं माझा टेपरेकॉर्डर स्वतःच्या हातांनीं खालीं न्हेलास."

तन्मयने मान हलवली.

"चूक झाली तें मीं समजतों," उपेंद्रराव हळू म्हणाले. "कारखान्यांत माझ्या हातूनही वेल्डिंग चुकलें आहे. पण चुकल्यावर डबा शेडबाहेर जाऊं दिला नाहीं. आडवा उभा राहिलों. तूं आडवा उभा राहिला नाहींस, तन्मय."

मामींनी रीळ पदरात धरलं होतं. "आतां त्याला बोलून काय," त्या म्हणाल्या. "फोन करा त्यांना. मशीन गेलें तें कोठें लांब नाहीं गेलें."

राममूर्तींनी फोन उचलला नाही. दोनदा, तीनदा. तन्मयने टॅक्सी बोलावली. तिघंही निघाले. अण्णानगरला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. वाटेत प्रत्येक सिग्नलला तन्मय पुन्हा फोन लावत होता, आणि उपेंद्रराव खिडकीबाहेर पाहत होते. मधे एकदा मामी म्हणाल्या, "पाय हलवूं नको रे, सगळी गाडी हलते."

राममूर्तींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या कपाळाला छोटा टॉर्च बांधलेला होता. मागच्या खोलीत लांब टेबलावर उपेंद्ररावांचा टेपरेकॉर्डर उघडा पडला होता. पुढची पट्टी निघालेली, चाकं निघालेली. शेजारी तसाच दुसरा टेपरेकॉर्डर, राममूर्तींचा.

"फोन खोलीत नव्हता," ते इंग्रजीत म्हणाले. "काय झालं?"

उपेंद्ररावांनी टेबलाकडे बोट दाखवलं. "हें काय केलें?"

"माझ्याचे फीत वाचणारे हेड झिजले होते. तुमच्याचे उत्तम आहेत. चार वर्षं शोधत होतो. काढून यात बसवले." मग तिघांचे चेहरे पाहून त्यांनी टॉर्च विझवला. "का?"

तन्मयने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी इंग्रजीत. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही. राममूर्तींचा चेहरा लाल झाला.

"तू चाळीस माणसांसमोर माझ्या डॅकची जी स्तुती केलीस ती तुझ्या खेळण्यातल्या डब्याची होती? लोक काय म्हणतील? मी तुला सांगून लिहून घेतलं म्हणतील!"

"मी आज लिहितो. तुमचा काही संबंध नाही असं स्पष्ट लिहितो."

"आणि हे?" राममूर्तींनी निघालेल्या भागांवर हात फिरवला. "हे मी परत नाही लावू शकत. जुने स्क्रू काढताना एकाचं डोकं तुटलं. ड्रिल करून काढला. हे मशीन आता पुन्हा उभं राहणार नाही, सर," ते उपेंद्ररावांना म्हणाले. "हा तुमचा व्यवहार होता. तुम्ही दिलंत, मी घेतलं."

"हो," उपेंद्रराव म्हणाले. "मीं दिलें."

ते टेबलापाशी गेले आणि उघड्या सांगाड्यावर हात ठेवून उभे राहिले. मोटरचा पट्टा त्यांनी स्वतः तीन वेळा बदललेला होता. त्यांनी काही उचललं नाही.

मामींनी पुढे होऊन पुठ्ठ्याची डबी राममूर्तींसमोर धरली. तमिळमध्ये त्या जे बोलल्या ते तन्मयला पूर्ण कळलं, इतकं ते साधं होतं. तुमचं मशीन चालतं का? चालत असेल तर हे एकदा लावा.

राममूर्तींचा राग लगेच उतरला नाही, पण त्यांनी रीळ हातात घेतल्यावर ते वेगळे दिसू लागले. त्यांनी फीत प्रकाशात धरली, वास घेतला, नखाने कडा तपासली. "चिकटलेली नाही. पण एकदम वाजवायची नाही. आधी सावकाश एकदा या टोकाकडून त्या टोकाला गुंडाळू." त्यांनी हाताने चाक फिरवत फीत गुंडाळली. वीस मिनिटं. तन्मय दारात उभा राहून नुसता हातांची घडी घालत होता आणि सोडत होता.

"काय आहे यावर?" राममूर्तींनी विचारलं.

मामी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी मराठीत उत्तर दिलं, उपेंद्ररावांकडे पाहून.

"रेडिओच्या ऑडिशनच्या आदल्या दिवशींची तोडी."

"ऑडिशन?" उपेंद्रराव म्हणाले. "तुला ताप आला होता ती?"

"लावा आधीं," मामी म्हणाल्या.

राममूर्तींनी बटण दाबलं. आधी नुसती सरसर, मग भांडं ठेवल्याचा आवाज, मग खोकला. मग वीणा. खोलीत मोठे स्पीकर होते आणि शेजारच्या घरात कुणीतरी खिळे ठोकत होतं. तन्मयचा हात सवयीने खिशाकडे गेला. तिथे रिमोट नव्हता. मागे नेता येणार नव्हतं, थांबवता येणार नव्हतं. तो भिंतीला टेकला.

आलाप सावकाश उलगडत गेला. एके ठिकाणी मामींनी नाक मुरडलं, पुढे एका जागी त्यांची डावी बोटं मांडीवर आपोआप हलली, मग दुखलं म्हणून थांबली. दहा मिनिटं, पंधरा. तन्मयला मधे अनेकदा उठून जावंसं वाटलं. एकदा त्याला ऑफिसची आठवण आली, एकदा ग्रुपची. मग मधेच काही वेळ कशाचीच आली नाही. सत्तावीस मिनिटांनी फितीचं शेपूट सुटून चाकावर फटफटलं, आणि राममूर्तींनी ते थांबवलं.

"ताप नव्हता," मामी म्हणाल्या.

उपेंद्रराव त्यांच्याकडे वळले.

"हें वाजवून झाल्यावर मागें न्हेलें आणि ऐकायला बसलें. सगळें नाहीं ऐकलें. एक मिनिट ऐकलें असेल. एक जागा आली आणि मज वाटलें, शी, ही कोण वाजवते. बंद केलें. दुसऱ्या दिवशीं गेलें नाहीं. तुम्ही आलांत तेव्हां ताप होता म्हणून सांगितलें."

"आणि आतां?" उपेंद्ररावांनी विचारलं. "आतां कसें वाटलें?"

मामींनी थोडा विचार केला. खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यासारखा.

"बरें आहे. फार मोठें कांहीं नाहीं. मधें ताल ओढलाय." त्या बोटं चोळू लागल्या. "पण जायला हवें होतें. घेतलें असतें मज."

राममूर्तींना मराठी येत नव्हतं. त्यांनी तन्मयकडे पाहिलं. तन्मयने मान हलवली, नंतर सांगतो अशी. मग राममूर्ती उठून आत गेले आणि कॉफीचे चार टंबलर घेऊन आले. मामींचं रीळ आपण स्वतः फाइलमध्ये घेऊन देऊ असं ते म्हणाले. तन्मयशी ते बोलले नाहीत.

परतताना टॅक्सीत मामी पुढे बसल्या. कोडंबाक्कमच्या पुलावर गाडी अडकली.

"मग त्या दिवशीं तूं काय केलेंस?" त्यांनी मागून विचारलं. "ऑडिशनच्या दिवशीं. सगळा दिवस?"

"गच्चीवर तांदळाचे वडाम वाळत घातले," मामी म्हणाल्या. "ऊन चांगलें होतें."

संध्याकाळी तन्मयने ग्रुपवर लिहिलं. कुठलंही अवघड वाक्य न घालता. मी राममूर्तींचा डॅक ऐकलाच नव्हता, माझ्या स्विचमध्ये दोष होता, हे मला शनिवारी कळलं आणि मी रविवारी दुपारपर्यंत लपवलं, त्यामुळे एका माणसाचं नुकसान झालं. राममूर्तींना यातलं काही माहीत नव्हतं. यामिनीने वाचून पाहिलं आणि 'पाठव' म्हणाली. चाळीस अंगठ्यांच्या जागी सहा उत्तरं आली. दोघांनी चेष्टा केली, एकाने विचारलं की मग आजवरचं तुझं बाकीचं लिखाण काय समजायचं. त्याला त्याने 'मलाही माहीत नाही' असं लिहिलं. राममूर्ती महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

नवा रिले बसवून, मोठा डॅक दोन दिवसांसाठी उपेंद्ररावांकडून आणून, त्याने खरी तुलना केली. या वेळी मीटरवर आकडे जुळले नाहीत, मोठ्याचा आवाज थोडा जास्त निघाला. तो त्याने कमी करून जुळवला. यामिनी पाठीमागे बसून नाणं उडवून बटण दाबत होती, आणि त्याला दिवे दिसणार नाहीत अशी डबी टॉवेलखाली होती. वीसपैकी अकरा वेळा त्याने बरोबर ओळखलं. यामिनीने स्वतः करून पाहिलं, तिचे नऊ आले. "म्हणजे दोघंही अंदाजपंचे," ती म्हणाली. तन्मयने डॅक परत नेऊन दिला आणि उपेंद्ररावांना आकडे सांगितले.

"तुझें बरोबर असेल," ते म्हणाले. "पण मज ऐकूं येतें. बोट टेकतें तें."

त्याने वाद घातला नाही.

मामींच्या रिळाची फाइल राममूर्तींकडून आली तेव्हापासून उपेंद्रराव दुसरं काही लावेनासे झाले. दिवाळी झाली. तन्मयचा प्रोजेक्ट गेला, त्याला दुसऱ्या टीममध्ये टाकलं. एका रविवारी सकाळी तो नुंगंबाक्कमला गेला तेव्हा उपेंद्रराव डॅकसमोर बसून फाइलचं पहिलं दीड मिनिट पुन्हा पुन्हा लावत होते. हातात कागद, कागदावर सेकंदांचे आकडे.

"ती सांगत नाहीं," ते हळू आवाजात म्हणाले. मामी आत दळण निवडत होत्या. "कोणत्या जागीं तिनें बंद केलें तें. मीं रोज विचारतों. म्हणते, आठवत नाहीं. आठवतें तिला. मज तर कोठें कांहीं चुकलेलें दिसत नाहीं. तूं ऐक. अठ्ठेचाळीसाव्या सेकंदाला कां?"

"मामा, माझ्या कानांचं आता..."

"ऐक म्हणतों ना."

तन्मय त्यांच्या शेजारी चटईवर बसला. उपेंद्ररावांनी फाइल सुरुवातीपासून लावली. सरसर, भांडं, खोकला. अठ्ठेचाळीसाव्या सेकंदाला एक मींड होती, वरून खाली येणारी, आणि तिच्यात त्याला काहीच वावगं सापडलं नाही. उपेंद्ररावांचं बोट बटणाकडे गेलं, थांबवायला.

"राहू दे," तन्मय म्हणाला. "पुढे जाऊ दे."

उपेंद्ररावांनी हात मागे घेतला, पण कागद काही खाली ठेवला नाही.